दुसऱ्या टोकाला

बर्फ वितळलं की मापं घ्यायची, हे माझं काम. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आमच्या बाजूला सतरा पूल आहेत, शिवाय पायऱ्या, कठडे, बाकं, पाण्याचे चर. हिवाळ्यानं त्यातलं काय काय खाल्लं ते मे महिन्यात हिंडून बघायचं, मापायचं, वहीत लिहायचं, मग दगड, लाकूड आणि माणसं जमवून पुढचं बर्फ पडायच्या आत सगळं पुन्हा उभं करायचं. चौथी शिकलेल्या बाईला हे जमतं, यावर शहरातून आलेल्या साहेबाचा पहिलं वर्षभर विश्वास बसत नाही. दुसऱ्या वर्षी बसतो. तिसऱ्या वर्षी त्याची बदली होते.

आत्ताचा साहेब पहिल्या वर्षातला आहे. परवा माझी वही उघडी धरून आला.

"गिन्काबाई, प्रत्येक मापापुढे दोन नावं लागतात. माप कोणी वाचलं आणि दुसरं टोक कोणी धरलं. बिस्त्रा नदीवरच्या पुलापुढे दुसरं नाव दहा वर्षं कोरं आहे."

"विसरले असेन."

"दहा वर्षं?"

"म्हातारी झाले."

"म्हणूनच म्हणतो, यंदा तो पूल मेतोदी मापेल. नाहीतरी तुमच्यानंतर सगळं तोच बघणार."

मेतोदी माझा धाकटा भाऊ. दाराला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. "जातो की," म्हणाला. "ताईचे गुडघे तर कधीच गेलेत."

मी साहेबाच्या हातातून वही ओढून घेतली. "माझे गुडघे मी बघून घेईन. तो पूल मीच मापणार."

 का, ते तोंडानं मला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अकरा वर्षांपूर्वी बिस्त्राच्या पुरात तिथला जुना दगडी पूल गेला. वर डोंगरात मुक्कामाचं घर आहे, त्याचा राखणदार आणि मेंढपाळ पलीकडे अडकले. बर्फाच्या आत पूल हवाच होता. उद्यानात सिमेंट चालत नाही, दगड आणि चुनाच. दोन्ही काठांवरून तुळया टाकायच्या आणि मधे पाण्यात एक दगडी खांब, एवढंच काम. जुना पूल ज्यानं बांधला होता त्याचा मुलगा, काल्चो मिस्त्री, तेव्हा ऐंशीचा होता. त्याच्याइतका चुना कोणाला कळत नव्हता, म्हणून त्याला घोड्यावर बसवून वर आणला.

काम सुरू करताना कोंबडा कापला. खांब छातीपर्यंत आला आणि एका सोमवारी सकाळी बघतो तर नदीत. पुन्हा बांधला. या खेपेला मेंढा कापला. तोही खांब गेला. मी म्हटलं, "कोंबडा खाल्ला, मेंढा खाल्ला, आता घोडाच राहिलाय." कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी चार माणसं काही न सांगता खाली गावात निघून गेली.

ती घळ अशी आहे की ऊन अकराला येतं आणि एकला जातं. बाकी सगळा दिवस कशाचीच सावली पडत नाही. नदीचा आवाज इतका की शेजारचा माणूस बोलला तर ओठ हलताना दिसतात. म्हणून आमच्यात सुतळीची खूण आहे. माप घेताना दुसऱ्या टोकाच्या माणसानं एक हिसका दिला तर थांब. दोन हिसके दिले तर धरलंय, वाच.

त्या दिवशी दुपारी सगळे भाकरी खात होते. मेतोदी दगडावर उभा राहून मिरची चावत कसली तरी टवाळी करत होता. आणि त्याच्या पाठीमागे काल्चो मिस्त्री वाकलेला. हातात सुतळी.

आमच्याकडे जुन्या गवंड्यांची रीत आहे. माणसाच्या नकळत त्याच्या सावलीचं माप सुतळीनं घ्यायचं आणि ती सुतळी बांधकामात चिणायची. मग बांधकाम पडत नाही. माणूस मात्र चाळीस दिवसांत जातो, आणि गेल्यावर ते बांधकाम धरून उभा राहतो. लहानपणी गवंड्यांजवळून जाताना आई आमचे हात घट्ट धरायची. सावली सांभाळा रे, म्हणायची.

मी काल्चोला बखोटीला धरून चुन्याच्या खड्ड्यापाशी फरफटत नेला.

"थेरड्या, माझ्या भावाला चिणतोस? घरी दोन पोरी आहेत त्याच्या!"

"आवाज कमी कर, पोरी."

"करत नाही! जा, स्वतःची सावली मोज."

"माझी मोजून झाली," तो म्हणाला. "पहिल्या खांबात घातली. नदीनं परत दिली... म्हाताऱ्याची चालत नाही तिला."

त्याचे हात चुन्यानं भाजले होते. मला कीव आली नाही. रागच आला, या सगळ्या खुळेपणाचा. पण आणखी दोन माणसं गेली असती तर काम बंद पडलं असतं हेही कळत होतं. आणि मी नजर वळवली की म्हातारा पुन्हा मेतोदीच्या पाठीमागे जाणार, हेही.

"माझी घे," मी म्हटलं. "ना नवरा, ना मूल. घे आणि खांब उभा कर. एकेचाळिसाव्या दिवशी मी तुझ्या दाढीला धरून तुला गावभर फिरवते की नाही बघ."

त्यानं सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "उन्हाकडे तोंड करून उभी राहा. डोळे मीट. सुतळीचं टोक टाचेखाली दाब. मी आलोच."

मी काठावरच्या सपाट दगडावर उभी राहिले. पापण्यांवर ऊन. खाली नदीचा घोंगाट. टाचेखालची सुतळी सरकली, मागे मागे गेली, ताणली गेली. ओल्या चुन्याचा वास आला, अगदी जवळून. मग टाचेखाली दोन हिसके बसले.

मी डोळे उघडले, वळले. सुतळी गाठ मारून, नीट गुंडाळून दगडावर ठेवलेली होती. जवळ कोणी नव्हतं. म्हाताऱ्याला तोंड दाखवायची लाज वाटली असेल, म्हटलं, आणि कामाला लागले.

संध्याकाळी चुलीपाशी घेवड्याचं कालवण ओरपता ओरपता काल्चो हळूच म्हणाला, "घातली. पण लांब होती गं... सहा हात."

"सहा? माझी सावली? भर दुपारी?"

"मला वाटलं, सुतळी जास्त सोडली असशील."

"मी कशाला सोडेन? मोजली तू."

त्यानं वाडगा खाली ठेवला. "मी चुना आणायला गेलो होतो. परत आलो तर मोजून ठेवलेली. मला वाटलं, मेतोदीला धरायला लावलीस."

दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर त्याच दगडावर उभी राहून त्याच्याकडून माझी सावली मोजून घेतली. तीन हात. एक बोटही जास्त नाही. मग बाकीचे तीन हात कोणाचे? काल्चो त्या दगडाकडे बघत राहिला. म्हणाला, "तुझ्या सावलीच्या डोक्याशी पाय ठेवून कोणीतरी उभा होता. त्यानं स्वतःचीही मोजली, तुझ्या पुढे जोडून."

मी धावत मेतोदीकडे गेले. "काल दुपारी सुतळी तू धरलीस?"

"कसली सुतळी? मी खाली तुळया तासत होतो," तो म्हणाला, आणि हसला.

हाच घोळ. मेतोदी लहानपणापासून खोटं बोलताना हसतो, आणि खरं बोलतानाही हसतो.

ते चाळीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. स्वतःचं मला काही वाटत नव्हतं. पण त्यानं धरली असेल तर? मी त्याला शिडीवर चढू दिलं नाही. कुऱ्हाड लपवली. त्याच्या ताटातल्या माशाचे काटे मी काढायचे, आणि अख्खं टोळकं खिदळायचं. "मेतोदी, ताई दूध कधी पाजणार आहे?" झोपेत त्याचा श्वास ऐकत बसायची. जरा लांबला की लाथ घालायची.

खांब मात्र हलला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी पूल झाला.

चाळिसाव्या दिवशी मी मेतोदीला अवजारांच्या खोपटात ढकलून बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. तो आतून इतका शिव्या देत होता की मला बरं वाटत होतं. गप्प झाला की मी दार ठोठावायची, "जिवंत आहेस का?" "नाही, मेलो! उघड, सटवे!" अंधार पडल्यावर कडी काढली. तो बाहेर आला तशी मी त्याच्या एक कानफटात दिली आणि गळ्यात पडून रडले. आजपर्यंत त्याला त्याचं कारण माहीत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी मी काल्चोच्या घरी गेले, दाढी धरायला. तो अंथरुणावर होता. हसला नाही.

"कोणी मेलं नाही म्हणून सुटलो असं समजू नकोस," म्हणाला. "जुन्या पुलात माझ्या बापानं कोणाची सावली घातली, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. तो पूल गेला. मग जो धरून उभा होता, त्यानं कुठं जावं? त्याला नवीन जागा हवी होती. तुझ्या सावलीला जोडून घेतली त्यानं."

"घेऊ दे. पूल उभा आहे ना?"

"उभा आहे. पण धरणारा दमतो, पोरी... दमला की ज्याच्याशी गाठ मारली, त्याच्याकडे येतो. तू धर म्हणतो."

त्या जानेवारीत काल्चो गेला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याची छापील मरणपत्रिका मी स्वतः पुलाजवळच्या झाडाला चिकटवली.

मे महिन्यात मापं घ्यायला गेले. मेतोदी खाली घोड्याचा नाल बघत मागे राहिला होता. टेपची कडी पलीकडे फेकावी, मग जाऊन अडकवावी, असा विचार करून मी ती फेकली. ती पडली नाही. टेप कमरेच्या उंचीवर ताठ झाला आणि दोन हिसके आले. मी सवयीनं आकडा वाचला, अकरा मीटर चाळीस, सवयीनं वहीत मांडला, आणि मग मान वर केली.

पलीकडे कोणी नव्हतं. टेप हवेत ताणलेला होता. ओल्या चुन्याचा वास येत होता. आठ महिन्यांपूर्वी सुकलेला चुना.

तेव्हापासून तो पूल मी एकटीच मापते. दुसऱ्या वर्षी टेप पलीकडच्या काठापर्यंत गेला नाही. दहा मीटर तीसवर ताठ झाला. तिसऱ्या वर्षी नऊ वीस. पूल तेवढाच आहे. वहीत मी दर वर्षी अकरा चाळीसच लिहिते. सातव्या वर्षी कडी मधल्या खांबाच्या अलीकडे हवेत थांबलेली होती. गेल्या वर्षी दीड मीटर. कडी अशी दिसत होती, जशी चिमटीत धरल्यावर दिसते. दोन हिसके फार हळू आले. दमलेल्या माणसाचे.

दर वर्षी मीटरभर जवळ. वजाबाकी मला येते, चौथी झाले आहे. यंदा तो हात लांबवला की पोचेल. म्हणून मेतोदीला तिथं पाठवायचं नाही. गाठ माझ्याशी आहे, मीच जाणार. काल रात्री मी हे एवढं लिहून ठेवलं होतं आणि मनानं शांत झाले होते.

आज सकाळी मेतोदी माझ्या स्वयंपाकघरात आला. मी खिळ्यावरचा टेप काढत होते.

"एवढी का चिकटलीस त्या पुलाला?" म्हणाला. "तिथं तर एकट्यालाही माप घेता येतं. गेल्या शरदात मी घेतलं, तुला सांगायचं राहिलं. कडी फेकली की बसते."

माझ्या हातातला टेप खाली पडला. "किती भरलं?"

"अकरा चाळीस. दुसरं किती भरणार?"

अकरा चाळीस. म्हणजे आता त्याची मोजणी सुरू झाली, हे त्याचं पहिलं वर्ष.

"आणि बनू नकोस," तो हसत म्हणाला. "दोन हिसके कोणी दिले ते मला कळलं. इस्पितळातून न सांगता आधीच परतून पलीकडच्या झाडामागे लपली होतीस. तुझा लाल रुमाल दिसला."

गेल्या शरदात मी गुडघ्यांसाठी सहा आठवडे शहरातल्या इस्पितळात पडून होते, एकदाही इकडे आले नव्हते. लाल रुमाल इथंच होता, या दाराच्या खुंटीवर.

मी टेप उचलला. दही-भाकरी वाढली, तो खाऊन गेला. आता दहा वाजलेत. अकराला पुलावर ऊन येईल. रुमाल बांधला आहे, टेप पिशवीत टाकला आहे. त्या दमलेल्याच्या जागी यापुढे पलीकडे मीच उभी राहणार असेन तर बरंच आहे. मी मेतोदीच्या दिशेनं एक पाऊलसुद्धा टाकणार नाही. पुढच्या मे महिन्यात अकरा चाळीस, त्याच्या पुढच्यातही अकरा चाळीस.

फक्त मी दमायला नको.