डावी विंग

माझं काम मोजण्याचं आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणी विभागात आहे. शाफ्टचा व्यास, छिद्राची खोली, सगळं मायक्रॉनमध्ये. अंदाजाने बोलायची सवय मला राहिलेली नाही. हे लिहितानाही जे पाहिलं आणि मोजलं, तेवढंच लिहिते आहे.

माझे वडील सुरेंद्र बारबोले १९७४ साली बार्शीहून पिंपरीला आले आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले. त्याच वर्षी कारखान्याच्या नाटकात त्यांना पोस्टमनचं काम मिळालं. वाक्य एकच होतं, ‘तार आहे.’ तेही ते विसरले. पुढच्या अडतीस वर्षांत त्यांनी एकतीस नाटकं केली. तालमीसाठी शिफ्ट बदलून घ्यायची, सकाळी कामावर जाताना बसमध्ये डोळे मिटून बसायचं, हे मी लहानपणापासून पाहिलं. कामगार नाट्यस्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस त्यांना सहा वेळा मिळालं. मुंबईच्या एका व्यावसायिक संस्थेने बोलावलं होतं. कायम नोकरी सोडवेना म्हणून गेले नाहीत, असं ते लोकांना सांगत.

खरं कारण घरात माहीत होतं. बाबांचं पाठांतर कधीच झालं नाही.

डाव्या विंगेत सयाजी तापकीर बसत. इथल्याच चऱ्होली गावचे, त्याच कारखान्यात पेंटशॉपला. प्रॉम्प्टर अडलेल्या नटाला शब्द देतो. सयाजीकाका बाबांना प्रत्येक वाक्य द्यायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. समोर बसलेल्या आठशे माणसांना कुजबुज ऐकू जायची नाही. बाबा मान किंचित डावीकडे कलती करून थांबायचे, आणि मग बोलायचे. परीक्षक लिहायचे, ‘बारबोले यांचे पॉज विलक्षण.’ सयाजीकाका २०१२ साली गेले. बाबांनी त्यानंतर नाटक केलं नाही. गुडघे दुखतात, म्हणाले.

मागच्या ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, वाचा मात्र गेली. चिखलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असतो. मी कामावर गेले की शालनबाई त्यांच्याजवळ थांबतात. वाचेच्या उपचारांसाठी स्वरूपा नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी चहा दिला. बाबांनी घोट घेतला, मान डावीकडे कलती केली, थांबले, आणि स्पष्ट म्हणाले, “साखर कमी आहे.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढ्या महिन्यांत तेवढं एकदाच.

त्यानंतर ते रोज बोलू लागले. पूर्ण, नेटकी वाक्यं. पण प्रत्येक वाक्याआधी ती मान आणि तो पॉज. स्वरूपा म्हणाली, “मेंदू शब्द शोधतोय, ताई. याला वेळ लागतोच.”

मला ते पटलं. तरी सवयीने मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि पॉज मोजले. सदतीस वाक्यं. ‘हो’च्या आधी अर्ध्या सेकंदाची शांतता. ‘आज जेवायला काय आहे’च्या आधी दीड सेकंद. ‘खिडकी लाव, खालच्या वर्कशॉपचा ग्राइंडर डोक्यात जातोय’च्या आधी चार. शब्द शोधणारा माणूस कुठेही अडखळेल, कमीजास्त वेळ घेईल. इथे प्रत्येक पॉज पुढे येणाऱ्या वाक्याएवढा होता. जणू ते वाक्य आधी कोणीतरी पूर्ण म्हणत होतं.

रेकॉर्डिंगचा आवाज वाढवून ऐकला. त्या शांततेत काहीही नव्हतं. पंख्याचा आवाज होता, तेवढाच.

दिवाळीच्या सुमारास शालनबाईंनी विचारलं, “ताई, साहेब मूळचे इकडच्या गावातले का हो?”

“नाही. बार्शीचे. का?”

“बोलणं तसं वाटतंय म्हणून. काल मला म्हणाले, ‘आमाला न्हाई जमायचं त्ये.’”

बाबा घरात कधी असं बोलले नव्हते. सुरुवातीला एखादा शब्द यायचा, व्हय, न्हाई. मग अख्खी वाक्यं येऊ लागली. मला ते आयुष्यभर योगिनी म्हणत आले. आता पोरी म्हणू लागले. मला पोरी म्हणणारा माणूस एकच होता.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “बाबा, खरं सांगा. तुम्हाला काही ऐकू येतं का?”

मान डावीकडे. तीन सेकंद. “कसलं काय पोरी, म्हातारपन हाय.”

मग मान सरळ करून, माझ्याकडे बघत, कसलाही पॉज न घेता ते घाईघाईने पुटपुटले, “यो... यो... एक... माझं नाही. एकही वाक्य माझं नाही.” तुटकं, लाळ गळत, झटक्यानंतर माणूस बोलतो तसं. झटक्यानंतर मी ऐकलेला त्यांचा स्वतःचा आवाज तेवढाच.

मी उठले आणि त्यांची आरामखुर्ची सरकवली. ती हॉलच्या मधोमध असायची, डावा हात पॅसेजकडे. मी ती कोपऱ्यात नेली आणि डावी बाजू भिंतीला टेकवली. मध्ये बोटभरही जागा ठेवली नाही.

बाबा गप्प झाले. पहिल्या दिवशी मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांना पाणीही मागता आलं नाही, शालनबाईंनी ओठ बघून दिलं. तिसऱ्या दिवशी ते तोंड उघडायचे, घशातून घरघर यायची, आणि डोळ्यांतून पाणी. मी जवळ बसून सांगत राहिले, “सावकाश बाबा, तुमचं तुम्ही बोला.” त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

चौथ्या दिवशी सकाळी मी खुर्ची परत हॉलच्या मधोमध आणली. हे चूक होतं की बरोबर, ते मला आजही ठरवता येत नाही. मला घरात आवाज हवा होता.

मान कलली. पॉज.

“बरं केलंस पोरी. लई आवघाडलो व्हतो.”

डिसेंबरात रविराज आला. बाबांच्या नाटकमंडळातला हा सगळ्यात धाकटा. मंडळाला पन्नास वर्षं होत होती. चिंचवडच्या नाट्यगृहात रविवारी सकाळी कार्यक्रम होता, आणि बाबांनी एक प्रवेश करावा अशी सगळ्यांची इच्छा होती. त्यांच्या एका गाजलेल्या, वॉचमनच्या नाटकाचा शेवट. निवृत्त वॉचमन बाकावर बसून मुलाला इतकी वर्षं न सांगितलेलं सांगतो. दीड मिनिटाचं स्वगत. मुलाचं काम रविराज करणार होता.

“काका, जमेल ना?”

मान कलली. “जमंल की. सगळं ध्येनात हाय.”

मी हो म्हणाले, कारण त्या प्रवेशाची संहिता छापलेली होती. निदान तेवढा वेळ त्यांच्या तोंडी काय येणार हे मला आधी माहीत असणार होतं. आणि डाव्या विंगेत मी स्वतः बसणार होते.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. जुने कामगार बायकामुलांना घेऊन आले होते. मी विंगेत स्टूल ठेवलं, मांडीवर संहिता घेतली. बाबा खाकी शर्ट घालून बाकावर बसले. पडदा उघडला, टाळ्या झाल्या.

रविराज म्हणाला, “बाबा, तुम्ही आयुष्यभर गेटवर उभे राहिलात. काय मिळालं?”

आता स्वगत.

बाबांनी मान डावीकडे कलती केली आणि थांबले. प्रेक्षागृहात कोणीतरी हलकेच ‘वा’ म्हणालं.

दहा सेकंद. वीस.

मी पहिलं वाक्य दिलं. हळू, पण त्यांना ऐकू जाईल असं.

बाबांनी मांडीवरच्या हाताचं एक बोट उचललं. मला गप्प राहायची खूण केली.

ते विंगेकडेच बघत होते, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या मागे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला.

मी मागे वळले नाही.

एक मिनिट. बाबा अधूनमधून मान हलवत होते. समजतंय, पुढे सांग, अशी.

दोन मिनिटं. रविराजने संहितेबाहेरचं एक वाक्य टाकून पाहिलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तीन.

माझ्या मानेपाशी गार हवा नव्हती, श्वास नव्हता, कुजबुज नव्हती. काहीच नव्हतं. मला फक्त सदतीस आकडे आठवत होते. पॉज वाक्याएवढा असतो.

चार मिनिटं दहा सेकंदांनी पडदा पाडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक म्हातारे गृहस्थ आत येऊन माझा हात धरून म्हणाले, “असा पॉज मी उभ्या जन्मात पाहिला नाही.” बाकावरून उठवताना बाबांची मान तशीच कललेली होती.

आज त्याला चव्वेचाळीस दिवस झाले. बाबा जेवतात, झोपतात, खुर्चीत बसतात. बोलत नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केला, नवीन काही नाही म्हणाले. ते दिवसभर ऐकत असतात. मध्येच हसतात. एकदा रडले. मी रजा घेतली होती, ती वाढवून घेतली आहे. ते बोलायला लागतील तेव्हा मला घरी असायला हवं.

काल दुपारी सयाजीकाकांच्या पत्नी मंजुळाबाई चऱ्होलीहून भेटायला आल्या. त्यांना मी काही कळवलं नव्हतं. बाबा आजारी आहेत एवढंच कोणाकडून तरी ऐकून आल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, ठणठणीत बाई. चप्पल काढता काढताच मोठ्यांदा म्हणाल्या, “सुरेंद्रभाऊ, बरं हाय का?”

बाबा ऐकतच होते.

मी पाणी आणायला आत वळले. मागे बोलणं अचानक थांबलं म्हणून दारातून पाहिलं.

मंजुळाबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. त्या बाबांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर खुर्चीच्या डाव्या हाताशी, पॅसेजच्या तोंडाशी होती. त्यांनी सावकाश पदर डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

“अवो, किती वाळला तुमी.”