अडकण्याचा तास

तिचं गणित चुकलं होतं, आणि ती त्यावर बेहद्द खूश होती.

शाळा सुटलेली. रिकामे बाक, फळ्यावर चौकटींची जाळी, आणि फळ्यापुढे ती एकटीच मोठमोठ्यानं बोलत होती.

"अरेच्चा... असं कसं? सहा बाय चार लाद्यांची खोली. या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. दोरी किती लाद्यांवरून जाईल? लांबी अधिक रुंदी, वजा एक — नऊ. मग मोजल्यावर आठच का भरतात?"

तिनं कपाळावर हात मारला. खडू हातातच होता, त्याचा पांढरा पट्टा कपाळभर उमटला.

"मसावि!" दारातून आवाज आला.

ती दचकली. दारात एक उंचच उंच माणूस मान वाकवून उभा होता. तो तरातरा आत आला, तिच्या हातातून खडू घेतला आणि लिहायलाही लागला.

"एक नाही, मसावि वजा करायचा. सहा आणि चारचा दोन. दहातून दोन गेले, आठ. होतं असं कधीकधी... घाबरू नका."

"घाबरू नका?" तिनं खडू परत हिसकावून घेतला. "मी अडकण्याची तालीम करत होते!"

"कसली?"

"अडकण्याची. मुलांना रोज फळ्यावर तयार उत्तर दिसतं. ते शोधताना माणूस कसा धडपडतो, कुठून मागे फिरतो, हे कुणी दाखवतच नाही. म्हणून मी त्यांच्यासमोर चुकते. आणि नीट चुकायला तयारी लागते, सर. इतकी छान रंगात आली होती माझी चूक... तुम्ही एका शब्दात तिचा निकाल लावलात."

त्याचे कान लाल झाले.

"मी... कॉलेजच्या इमारतीतून आलोय. गणितच शिकवतो. शुक्रवारी तुमच्या तासाला बसायचंय मला."

म्हणजे हाच तो! दर शुक्रवारचा तिचा हा प्रश्न सोडवण्याचा तास बंद करून तिथे सराव परीक्षा घ्यायचं प्राचार्यांच्या मनात होतं. येत्या शुक्रवारी ते स्वतः येऊन बसणार होते, आणि सोबत कॉलेजमधल्या एका जाणकाराचं मत घेणार होते. दोन वर्षं जिवापाड जपलेला तास या शिडीएवढ्या माणसाच्या मतावर!

"आणि उत्तर आधी सांगून टाकावं, हे तुमचं मत. दिसलंच आत्ता."

"माझं मत..." तो फळ्याकडे बघत म्हणाला, "आत्ताच जरा अडकलंय."

हसू लपवायला तिला खिडकी बंद करायला जावं लागलं. ती खिडकी आधीच बंद होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो पुन्हा हजर. "मला विद्यार्थी समजा," म्हणून पहिल्या बाकावर गुडघे दुमडून बसला. मग ते रोजचंच झालं. ती अडकायची, तो गप्प बसायला शिकायचा.

"प्रश्न विचारला की थांबायचं," ती सांगायची.

"किती वेळ?"

"उत्तर येईपर्यंत."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर अजून थोडं."

पण त्याला ते जमेल तर शपथ! तोंड मिटलेलं असायचं, पण भुवया वर, डोळे लकाकलेले...

"तुमच्या चेहऱ्यावर उत्तर छापून येतं," ती म्हणाली. "मुलं फळ्याकडे कशाला बघतील? कोरा ठेवा चेहरा. बघा माझ्याकडे."

त्यानं बघितलं. बघतच राहिला.

"हं... आणि हा कुठल्या उत्तराचा चेहरा?"

"हे उत्तर नाहीये," तो हळूच म्हणाला, "हा प्रश्न आहे."

तिच्या हातातलं डस्टर पडलं. दोघंही उचलायला वाकली, आणि टाळक्यावर टाळकं आपटलं.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "काळजी तासाची आहे, की तास बघायला येणाऱ्याची?"

"वहिनी, परीक्षक आहे तो!"

"मग हो की पास. नाही कोण म्हणतंय?"

शुक्रवार उजाडला. प्राचार्य शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. तो खिडकीशी टेकून उभा राहिला. मुलांनी त्याचं 'शिडी सर' असं बारसंही करून टाकलं.

ती सुरेख चुकली. मुलांनी तिला चुकताना पकडलं, छोट्या खोल्या काढून पाहिल्या, आरडाओरडा केला आणि शेवटी सगळी मुलं मसाविपर्यंत येऊन पोचली. दोरी जेव्हा उभी-आडवी रेघ एकदम ओलांडते, तेव्हा ती ओलांडणी दोनदा मोजली जाते, म्हणून वजाबाकी! ती सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, लाद्यांऐवजी ठोकळे रचले तर? पेटीभर. आणि दोरीऐवजी आरपार तार घातली, तर?"

तिनं फळ्याकडे पाहिलं. याची तालीम नव्हती. तिला खरंच येत नव्हतं.

नकळत नजर खिडकीकडे गेली. त्याला येत होतं! त्याच्या बोटांची चाळवाचाळव तिला लगेच कळली. नुसता ओठ हलवला असता, तरी काम झालं असतं.

"मॅडम," प्राचार्य घड्याळ बघत म्हणाले, "पोरांना ताटकळत ठेवू नका. सांगून टाका."

तिनं खडू खाली ठेवला. "मला येत नाही, सर."

वर्गात कुजबुज उठली. प्राचार्य खिडकीकडे वळले. "मग तुम्ही सांगा. तुम्हाला तर येत असेल?"

आता संपलंच! त्यानं उत्तर दिलं की तास गेला...

"येतं, सर," तो शांतपणे म्हणाला. चेहरा कोरा करकरीत. "म्हणूनच सांगत नाही."

मग वेणीवाली ओरडली, "ए, खोडरबर काढा रे सगळ्यांनी!"

आणि वर्गाला आग लागल्यासारखं झालं. खोडरबरांचे ठोकळे रचले गेले, पडले, पुन्हा रचले गेले. तीही मुलांच्या घोळक्यात शिरली, चुकली, या वेळी खरीखुरी. दोन भिंती एकदम ओलांडल्या की वजा करायचं, पण तारेनं तिन्ही भिंती एकदमच ओलांडल्या तर? "मग आपण जास्तच काढतोय!" कुणीतरी किंचाळलं. "एक परत द्यायला हवा!" घंटा झाली, कुणी उठलं नाही. प्राचार्य तर बाक सोडून वेणीवालीशी हुज्जत घालत होते.

"पटत नाही मला," ते दोन खोडरबर हातात नाचवत म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी मोठी पेटी घेऊ, मग बघतो तुला."

पुढच्या शुक्रवारी! म्हणजे तास वाचला!

वर्ग रिकामा झाला. तो तिथंच, खिडकीशी.

"मला एक... म्हणजे, तसं नाही... म्हणजे—"

तो पुरता अडकला होता. तिनं हाताची घडी घातली.

"काय माहीत आहे तुम्हाला?"

"की तुम्ही मला आवडता. खूप." तो एका दमात म्हणाला. "अगदी घाबरू नका म्हणालो, तेव्हापासून."

"आणि शोधायचं काय आहे?"

"तुम्हाला काय वाटतं, ते." त्यानं वाट पाहिली. एका उंचच उंच माणसाला इतकं स्थिर उभं राहता येतं, हे तिला ठाऊक नव्हतं. "थोडी मदत करा ना... येतं का तुम्हाला याचं उत्तर?"

"येतं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या भुवया वर गेल्या, डोळे लकाकले.

"मॅडम... छापून आलंय."

तिनं झटकन पाठ फिरवली आणि फळा पुसायला घेतला. मुलांनी तो केव्हाच स्वच्छ पुसला होता. तरी ती पुसतच राहिली, आणि मागून त्याची पावलं जवळ येताना ऐकत राहिली.