भरतीच्या तोंडी

अंबिकाला त्या झाडाच्या बिया हव्या होत्या. शिवडीच्या खाडीत, तिवरांच्या दाट रानापलीकडे एका ओहोळाच्या काठावर ते झाड एकटंच उभं होतं. त्या जातीचं दुसरं झाड तिला मुंबईच्या किनाऱ्यावर कुठंच सापडलं नव्हतं. ती वनस्पतिशास्त्राची संशोधक. शीव कोळीवाड्याच्या धोंडूकाकांच्या होडीतून वर्षभर ती दुर्बिणीनं त्याच्यावर डोळा ठेवून होती. आता फळं पिकली होती. यंदाच्या उधाणात ती गळून समुद्रात वाहून गेली, की पुन्हा हाती लागतील याचा काय भरवसा!

म्हणून मोठ्या ओहोटीचा दिवस धरला. उजाडताच चिखलातून चालत निघायचं, बिया गोळा करायच्या आणि पाणी चढायच्या आत परतायचं. सोबतीला भोईवाड्याचा पुष्कर, तिचा मावसभाऊ. सह्याद्री पालथा घातलेला गडी, आवाज असा की दरीपलीकडून ऐकू यावा. तिसरा अनिश, प्रभादेवीचा, अंबिकाचा कॉलेजपासूनचा मित्र. तो फोटो काढणार होता.

चिखलानं पहिल्या पावलालाच गुडघा गिळला. तिवरांची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या, चिखलातले ते चिमुकले मासे, टुणटुण उड्या मारत पळत होत्या. मागं नव्या सागरी पुलाचे खांब धुक्यात अर्धेच दिसत होते. पुष्कर काठीनं तळ चाचपत पुढं, अंबिका मध्ये, अनिश शेवटी. बराच वेळ नुसता चिखलाचा पचक-पचक आवाज.

मग अनिश हसायला लागला.

"काय झालं रे?" अंबिकानं वळून विचारलं.

"मुळं बघ ना! श्वास घेतायत. सगळी एकदम!"

त्याच्या डोळ्यांची बुबुळं भलतीच मोठी झाली होती. सकाळच्या गारव्यातही कपाळावरून घाम ओघळत होता. "अनिश, काय घेतलंयस?"

त्यानं लपवलं नाही. एका पार्टीत कुणीतरी नशेच्या द्रवात बुडवलेला कागदाचा चिमुकला तुकडा दिला होता, जिभेखाली ठेवायचा. जंगलात घे, जंगल खरं दिसेल, असं सांगितलं होतं. निघतानाच त्यानं तो घेतला होता.

"येडा आहेस का तू!" पुष्कर गरजला. "खाडीत? आत्ता?"

त्या आवाजानं अनिशचं हसू एका क्षणात मावळलं. चेहरा पांढराफटक पडला. पुष्करनं त्याचा दंड धरून त्याला माघारी ओढलं, आणि तिथंच घात झाला! अनिश किंचाळला. त्यानं पुष्करच्या मनगटाचा चावा घेतला, हात सोडवला आणि खोल पाण्याच्या दिशेनं धावत सुटला. धावला, पडला, उठला. एक बूट चिखलात राहिला. शेवटी एका तिवराच्या खोडाला त्यानं घट्ट मिठी मारली.

"मी मेलोय," तो पुटपुटत होता. "मी मेलोय आणि हे संपतच नाहीये."

त्याच्या पायाशी पाणी चमकलं. ओहोटी संपली होती!

अंबिकानं ऋग्वेदाला फोन लावला. ऋग्वेदा गिरगावातली तिची बालमैत्रीण, आता इस्पितळात तातडीच्या विभागात डॉक्टर. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आधी तू शांत हो. तू घाबरलीस की तोही घाबरणार. त्याच्याशी वाद नको. पकडू नका, ओरडू नका. एकानंच बोलायचं, हळू. हे नशेमुळं होतंय आणि उतरणार आहे, हे पुन्हा पुन्हा सांग. पाणी द्या, घोट-घोट. दुसरं काही देऊ नका, झोपेची गोळी तर नाहीच. एकटं क्षणभरही सोडू नका. अंग तापलं, छातीत दुखलं, झटके आले तर मला लगेच सांग. आणि अंबू, पाण्यापासून लांब न्या त्याला!"

पाण्यापासून लांब! चहूबाजूंनी पाणीच येत होतं. किनारा दूर, आणि मधल्या वाटेवरचे ओहोळ भरायला लागलेले. तिनं धोंडूकाकांना फोन केला.

"आता होरी आनली तं चिखलान रुतल, पोरी," म्हातारा म्हणाला. "पानी चरू दे. पानी आला का मी आलूच."

म्हणजे तोवर टिकायचं होतं. पण कुठं? पुष्करनं काठीनं दाखवलं. उजवीकडं एक जुना मालवाहू बार्ज चिखलात कलून रुतलेला होता, गंजून लाल झालेला. आणि डावीकडं, ओहोळाच्या पल्याड, ते झाड! फांद्यांना लगडलेली फळं इथूनही दिसत होती.

"मी पटकन जाऊन येतो," पुष्कर म्हणाला. "तू थांब याच्यापाशी."

अंबिकानं एकदाच झाडाकडं पाहिलं. "नको. याला एकटीनं वर चढवणं मला जमणार नाही. चल बार्जकडं."

ती अनिशच्या समोर गेली; जवळ, पण हात न लावता. "अनिश, मी अंबू. तू मेला नाहीयेस. तू त्या कागदानं घाबरलायस. हे उतरणार आहे."

"झाड सोडलं तर मी पडेन."

"बरं, नको सोडूस. एक हात झाडाला राहू दे. दुसऱ्यानं माझी ओढणी धर. बस, एवढंच."

पाणी गुडघ्याला लागलं. त्यानं ओढणी धरली. मग एक पाऊल. मग दुसरं. पाणी मांडीला! पुष्कर दात आवळून गप्प चालत होता. त्याच्या मनगटातून रक्त ठिबकत होतं. मध्येच अनिश थांबायचा, पाण्यात चेहरे दिसतात म्हणायचा. अंबिका नाकारायची नाही. "दिसू देत. तू ओढणीकडं बघ. कुठल्या रंगाची आहे?"

"पिवळी."

"पिवळी. चल."

पाणी कमरेच्या वर चढलं तेव्हा ते बार्जला पोचले. पुष्करनं खांदा दिला, अंबिकानं वरून हात. तिघंही गंजक्या पत्र्यावर कोसळले.

पण खरी परीक्षा पुढंच होती. बघता बघता खाडी भरली, तिवरांचे शेंडेच तेवढे वर उरले. बार्जच्या पोटात लाटा आदळल्या की धडाम आवाज व्हायचा. ऊन चढलं. अंबिकानं ओढणीची सावली त्याच्या डोक्यावर धरली. तासांमागून तास गेल्यासारखं वाटलं. अनिशचा श्वास वाढत गेला, मग तुटक झाला. "बुडतंय! हे बुडतंय! मला जाऊ दे!" तो कडेकडं सरकला. आता ना धरता येत होतं, ना सोडता! अंबिका बोलत राहिली, पण तिचाच आवाज फाटत चालला. ती कडेशी त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन बसली. डोळ्यांत पाणी साचून तिला समोरचं दिसेना.

तेवढ्यात पुष्कर बोलला. तो गरजला नाही. कोकणात गावच्या देवळात त्याचे आजोबा गाऱ्हाणं घालायचे, त्या सुरात, अगदी सावकाश तो म्हणाला, "बा देवा म्हाराजा… आज ही तुझी लेकरां पाण्यात अडाकली हत रे म्हाराजा…"

अनिश थबकला. त्याचे आईवडीलही कोकणातलेच. गाऱ्हाण्याला सगळा गाव द्यायचा ते उत्तर त्याच्या ओठांवर आपसूक आलं. "व्हय म्हाराजा."

"त्येंका सुखरूप घराक ने रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

पुष्कर एकेक मागणं घालत राहिला. कुणाच्या पायाला काटा लागू नये, होडी वेळेवर यावी, सुचेल ते. प्रत्येक ओळीला अनिश उत्तर द्यायचा आणि उत्तर द्यायला त्याला पुरता श्वास घ्यावा लागायचा. हळूहळू तुटकपणा गेला. खांदे उतरले. अंबिकानं बाटली पुढं केली. तो घोटभर पाणी प्यायला. पत्र्यावर धडाम आवाज झाला तेव्हा तो दचकला, पण जागचा हलला नाही.

"उतरणार ना हे?" त्यानं विचारलं.

"उतरणार," अंबिका म्हणाली. "आम्ही दोघं इथंच आहोत."

भरती पुरी चढली तेव्हा तिवरांच्या शेंड्यांमधून सरळ होडी आली! वल्हवताना धोंडूकाका हाक मारणार तोच अंबिकानं ओठांवर बोट ठेवलं. म्हातारा समजला. होडी आवाज न करता बार्जला टेकली.

जेट्टीवर ऋग्वेदानं पाठवलेली रुग्णवाहिका उभी होती. इस्पितळात ऋग्वेदानं काय घेतलंस विचारलं, तेव्हा अनिशनं सगळं खरं सांगितलं. तिनं ताप पाहिला, नाडी पाहिली, खोलीतला दिवा मंद केला आणि रात्रभर त्याला ठेवून घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी त्याची नजर ताळ्यावर आली. अंबिका उशाशी बसली होती, अंगावर वाळलेला चिखल तसाच.

"बिया मिळाल्या?"

"नाही. गेल्या पाण्याबरोबर."

"माझ्यामुळं."

"हो. तुझ्यामुळं." तिनं खोटं बोलणं टाळलं. बाहेर बाकावर पुष्कर घोरत होता.

अनिशनं बाहेरच्या घोरण्याकडं कान दिला. मग म्हणाला, "तू काय बोलत होतीस ते मला एक अक्षर कळत नव्हतं, अंबू. पण तुमचा आवाज थांबला असता ना, तर मी उडी मारली असती."

अंबिकाचा घसा पुरता बसला होता. तिनं नुसता त्याचा हात हातात घेतला, आणि आता पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडली.