झिजल्या कोपऱ्यांचं कार्ड

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा डिटेक्टिव्ह लोर्ना हालुष्का गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती.

"ऑर्व्हिल टीग गेला," ठाण्यावरचा हवालदार म्हणाला. "तळघराच्या जिन्यावरून घसरला. बघून सही करून टाक, दहा मिनिटांचं काम आहे."

ऑर्व्हिल पाठीवर पडला होता. डोकं तळघराच्या फरशीवर, पाय वर पायऱ्यांवर. कवटीची मागची बाजू फुटलेली. नाकावर बारीक अक्षरं वाचायचा जाड चष्मा. पलीकडच्या टेबलावर दिवा जळत होता आणि एक अल्बम उघडा पडला होता.

लोर्ना बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. सही तिनं केली नाही.

मुलगी जॅनिस वर स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली होती. मृतदेह तिलाच सापडला होता.

"फोन उचलत नव्हते म्हणून आले," ती म्हणाली. "दाराला कुलूप नव्हतं. ते कधीच लावत नसत."

"काही चोरीला गेलंय?"

"घरात आहे काय चोरण्यासारखं? ती कार्डंच."

ती कार्डं म्हणजे अख्खं तळघर होतं. च्युइंगगमच्या पाकिटातून निघणारी बेसबॉल खेळाडूंची चित्रं. ऑर्व्हिलनं ती चाळीस वर्षं जमवली होती आणि दुकानातली किंमत मोजून एकही घेतलं नव्हतं. कुणी घर विकायला काढलं की सकाळी पहिला हा हजर. म्हाताऱ्या बायकांकडून बुटांच्या खोक्यांसकट माळ्यावरचा ढीग उचलायचा. अदलाबदलीत समोरच्याला हसत नागवायचा. रेडिओवरच्या प्रश्नमंजुषा, बिस्किटांच्या खोक्यांवरच्या स्पर्धा, काही म्हणून सोडायचा नाही. पोलाद कारखाना बंद पडला, बायको गेली, तरी हे चालूच राहिलं.

"सगळ्यात भारी कार्ड कोणतं?" लोर्नानं विचारलं.

जॅनिसनं जिन्याच्या तोंडाशी येऊन खालच्या उघड्या अल्बमकडे बोट केलं. "त्या पानावरचं मधलं. त्यात माझं अख्खं घर येईल, म्हणायचे. आहे ना जागेवर?"

होतं. पानावरच्या नऊही खिशांत कार्डं होती.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ऑर्व्हिल मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास पडला होता. मान शाबूत होती. डोक्यात रक्त साचत गेलं. पडल्यावर तासभर तरी जिवंत असावा.

ते भारी कार्ड ज्याला हवं होतं, तो माणूस गावात सगळ्यांना ठाऊक होता. निक सारांतोस. मेन स्ट्रीटवर त्याचं जुन्या कार्डांचं दुकान होतं, आणि दर रविवारी शेजारच्या जिल्ह्यातल्या जुन्या बाजारात तो टेबल मांडायचा.

"मंगळवारी चार वाजता कुठे होतास, निक?"

"दातांच्या डॉक्टरकडे. हे बघ." त्यानं सुजलेला गाल दाखवला. "मी खूनबिन करणारा वाटतो का तुला? सहा वर्षं मागतोय त्याच्याकडे ते कार्ड. मी मारलं असतं तर ते तिथं राहिलं असतं का?"

"ते खरं."

"धंदाच विचित्र झालाय बघ हल्ली. रविवारी बाजारात एक जण आला. लू कार्मोडीचं बावन्न सालचं कार्ड हवं म्हणाला. कार्मोडी म्हणजे कोण, तर एक हंगाम बॉल टाकून घरी गेलेला पिचर. ढिगानं पडलीत. मी आपलं एक कोरं करकरीत काढून दिलं. तर म्हणतो, नको, कोपरे झिजलेलं दे. आयुष्यात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक बघितलं."

"कोण होता?"

"मफलर, टोपी. नाव नाही विचारलं. उजव्या हातातला मोजा काढलाच नाही गड्यानं. डाव्या हातानं खोकं चाळत बसला."

लोर्नानं वहीत टिपलं. उपयोग काय, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती चर्चच्या तळघरात गेली. शुक्रवारच्या उपासाच्या जेवणासाठी तिथं पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण घातलेल्या करंज्या, भरणं चालू होतं. बायका टेबलाशी बसल्या होत्या आणि वॉली मॅझूर मोठ्या कढईत कांदा परतत होता. ऑर्व्हिलचा शाळेपासूनचा मित्र. बावन्न वर्षांचा, वाकलेला, डाव्या हातात उलथनं, उजवा हात ॲप्रनच्या खिशात.

"शेवटचे कधी भेटलात?"

"शनिवारी. कॉफी प्यायलो आणि आलो. कार्डं दाखवत बसतो हो तो, तासन् तास. दुसरा विषय नाही."

"मंगळवारी गेला नव्हतात?"

"नाही."

"भांडण वगैरे?"

"ऑर्व्हिलशी भांडून कोण जिंकलंय? शाळेत भिंतीशी कार्डं उडवायचो आम्ही. ज्याचं भिंतीला जास्त जवळ पडेल त्यानं दोन्ही उचलायची. तेव्हाही हरला नाही तो."

मागून एक बाई ओरडली, "वॉली, कांदा करपतोय, लक्ष कुठाय तुझं?"

"तुझ्याकडेच आहे, हेलन. दुसरीकडे ठेवायची सोय आहे का?"

बायका हसल्या. वॉली हसला नाही.

दुपारी लोर्ना पुन्हा ऑर्व्हिलच्या तळघरात आली. उघड्या अल्बमचं तेच पान. भारी कार्डाच्या शेजारच्या खिशातला चेहरा तिनं काल नीट बघितलाच नव्हता. खाली नाव छापलं होतं. लू कार्मोडी.

"तुमचे बाबा कार्डांची नोंद ठेवायचे?" तिनं जॅनिसला विचारलं.

जॅनिसनं फळीवरून एक खोकं उतरवलं. प्रत्येक कार्डाची एक चिठ्ठी. कसं मिळालं, कधी, आणि त्यात खोट काय. कार्मोडीची चिठ्ठी सापडायला वेळ लागला नाही. 'स्पर्धा. शाळेची भिंत, एप्रिल १९५२. कोपरे झिजलेले. मागे पेन्सिलीत दोन ओळी.'

लोर्नानं कार्ड खिशातून काढून उलटलं.

कोपरे झिजलेले होते. मागे पेन्सिलीची एक रेघही नव्हती.

शुक्रवारी सकाळी वॉलीनं दार उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता बाजूला झाला. स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले.

"उजवा हात टेबलावर ठेवता का?" ती म्हणाली.

त्यानं ठेवला. अंगठा आणि एक बोट. बाकीची कारखान्यात राहिली होती.

"आता मी सांगते, चुकलं तर थांबवा. घसरून पडणारा माणूस उतरताना घसरतो, त्याचे पाय खाली येतात. ऑर्व्हिलचं डोकं खाली होतं, पाय वर. म्हणजे तो वर चढत होता. चढणाऱ्याचा तोल गेला तर तो पुढे पायऱ्यांवर आपटतो. मागे पडतो तो कुणी छातीवर धक्का दिला तर. म्हणजे वरच्या पायरीवर कुणीतरी होतं."

वॉलीनं डाव्या हातानं उजवा झाकला.

"तो कुणी चोर असता तर मधलं कार्ड गेलं असतं. गेलं शेजारचं, ज्याला कुणी विचारत नाही. आणि त्याच्या जागी तसलंच दुसरं ठेवलेलं, मुद्दाम झिजलेलं शोधून, म्हणजे ऑर्व्हिलच्या लक्षात येऊ नये. ते रविवारी विकत घेतलं एका माणसानं. मोजा न काढता. निक तुम्हाला ओळखेल. खून करायचा विचार नव्हता तुमचा. नुसती अदलाबदल करायची होती."

"ऑर्व्हिल झोपतो दुपारी," वॉली म्हणाला. "जाडा चष्मा घालून समोर उभा राहील असं वाटलं नव्हतं."

"तुमच्या मित्रानं ते भिंतीशी जिंकलं होतं. तुमच्याकडून. मागे काय लिहिलं होतं?"

वॉलीनं शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. लोर्नानं ते बोट न लावता वाचलं. 'वॉली, मी येईपर्यंत सांभाळ. हरवू नकोस. – कॅझ.'

"थोरला भाऊ," तो म्हणाला. "कोरियाला निघाला तेव्हा दिलं. आठवड्यात मी ते भिंतीशी घालवलं. जूनमध्ये तार आली. त्याचं अक्षर असलेलं घरात दुसरं काही नाही. ऑर्व्हिलकडे मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई मेली तेव्हा मागितलं. बोटं गेली तेव्हा हॉस्पिटलात मागितलं. दर वेळी हसायचा. म्हणायचा, बदल्यात काय देतोस, बोल."

"मंगळवारी काय म्हणाला?"

"तेच. जिन्यात मागून आला, कोट धरला आणि म्हणाला, चोर कुठला, पुन्हा भिंतीशी खेळ आणि जिंकून घे. या हातानं." त्यानं हात पुन्हा मांडीवर घेतला. "मी ढकललं."

लोर्नानं वही मिटली. एक प्रश्न राहिला होता आणि तो तिला विचारावासा वाटत नव्हता.

"तो तासभर जिवंत होता, वॉली. डॉक्टर म्हणतात, वेळेवर नेला असता तर वाचला असता."

"माहीत आहे. मला हाक मारत होता. दोनदा मारली."

"मग फोन का नाही केला?"

वॉलीनं कार्डाकडे बघितलं.

"तो शुद्धीवर आला असता," तो म्हणाला, "आणि पहिलं ते परत मागितलं असतं."