बोलावलं आणि वाढलं नाही

प्रवासाची बॅग भरताना रत्नाने सगळ्यात आधी दशम्यांचा डबा ठेवला. कपडे नंतर. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा आणि वर पिशवीत ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे.

"अगं, अंदमानात माणसंच राहतात," प्रेमराज हसला. "ती काय झाडपाला खातात?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही चटणी मागाल. तेव्हा बोलते मी."

प्रेमराज एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. जन्म धरणगावचा, संसार जळगावात पिंप्राळ्याला. समुद्र त्याने कधी पाहिलाच नव्हता. पाणी म्हणजे शेतातली विहीर, आणि फार झालं तर तापीचा पूर. पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. वर्षं उलटली तरी त्याने ते काढू दिलं नव्हतं. त्यावर हिरवंगार बेट, मागे डोंगर आणि भोवती निळं पाणी. एकदा तिथे जायचं, असं तो लग्नापासून म्हणत आला. कधी कपाशीची वेचणी आडवी आली, कधी मोनालीचं लग्न, मग ती महामारी. शेवटी लेकीनेच तिकिटं काढून बापाच्या हातात ठेवली. त्या दिवशी प्रेमराज लहान पोरासारखा रडला होता.

म्हणून अंदमानातल्या त्या जंगलात शिरताना रत्नाला जी धास्ती वाटली, ती तिने बोलून दाखवली नाही.

बेटावरचं जंगल आपल्या सातपुड्यासारखं नव्हतं. सातपुड्यात पानगळ होते, ऊन खाली उतरतं, वारा फिरतो. इथे झाडं इतकी उंच की मान दुखावी, आणि खाली भर दुपारी संध्याकाळ. सगळीकडे कुजलेल्या पानांचा ओला वास. कुठेतरी पाणी टपकत होतं, पण ओहोळ काही दिसत नव्हता. त्यांना डोंगराच्या माथ्यावर घेऊन चाललेला गाईड तिथेच जन्मलेला, हिंदी बोलणारा, गप्पिष्ट माणूस. पण जंगल दाट झालं तशी त्याची बडबड थांबली.

एका सपाट दगडापाशी ते विसावले. गाईड पाणी बघायला थोडा पुढे गेला. रत्नाने डबा उघडला, रुमाल पसरला, दशमीवर चटणी ठेवली. तेवढ्यात तिला झाडांमध्ये कोणीतरी बसलेलं दिसलं. पाठमोरा माणूस. पंगतीत बसावं तशी नीट मांडी घातलेली, पाठ ताठ. दुसऱ्या कुठल्या गटातला प्रवासी असेल, असं तिला वाटलं.

आणि आपल्याकडे जे कोणीही करेल तेच तिने केलं. समोर माणूस असताना त्याला न विचारता तोंडात घास घालायचा नाही, ही खानदेशातली रीत. रस्त्याने जाणाऱ्यालासुद्धा आपण म्हणतो. तिच्या तोंडून आपोआप निघालं,

"या भाऊ, जेवाले या."

पाणी टपकायचं थांबलं.

गाईड धावतच परत आला. "किसको बुलाया, आंटी?"

"ते तिथे बसलेत ना, त्यांना…"

तिथे कोणी नव्हतं. गाईडने त्या दिशेला एकदाही पाहिलं नाही. डबा त्यानेच बंद केला, रुमाल गुंडाळला. "यहाँ किसी को बुलाते नहीं," एवढंच तो हलक्या आवाजात म्हणाला. "चलो. जल्दी चलो." माथा राहिला तो राहिलाच. उतरताना रत्नाने दोनदा मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती. पण मनाला एक टोचणी लागली. कोणी का असेना, आपण बोलावलं आणि वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी लहान होडीतून लांबच्या बेटावर जायचं होतं. दोघंच प्रवासी, पुढे बसलेले. तरी होडी मागच्या बाजूला कलत होती. होडीवाला वैतागून ओरडला, "पीछेवाले अंकल, ज़रा बीच में आओ!" आणि मग स्वतःच गप्प झाला.

बेट अगदी कॅलेंडरमधल्यासारखं होतं. पण प्रेमराजचं लक्ष समुद्राकडे नव्हतंच.

"रत्ना, भूक लागनी."

"आत्ता तर जेवलात!"

"जेवलो. पण पोटमा काहीच गेलं नाही असं वाटतंय."

"समुद्राची हवा मानवली तुम्हाला," ती हसून म्हणाली आणि उरलेल्या दशम्या पुढे केल्या. त्याने सगळ्या संपवल्या. नंतर हॉटेलात भाताची परात रिकामी केली. आणि परतीच्या विमानात रत्नाच्या लक्षात आलं की त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतंय.

पिंप्राळ्याला आल्यावर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. इकडे प्रेमराज वाळत चालला होता. गालाची हाडं वर आली, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. मोनाली फोनवर रडायची. तो मात्र एकच म्हणायचा, "वाढ."

एका संध्याकाळी रत्नाने वरण-बट्टी केली, त्याच्या आवडीची. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले. प्रेमराजच्या शेजारी एक पाट पडून होता, मोनाली आली की बसायची तो. रत्ना जेवत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. त्याने घास कालवला, तोंडात घातला, चावला. गळा हलला नाही. आणि घास गिळल्याचा आवाज आला… शेजारच्या रिकाम्या पाटावरून.

तिच्या हातातली तुपाची वाटी खाली पडली.

त्याने दुसरा घास घेतला. पुन्हा तसंच. पाटाभोवती कुजलेल्या पानांचा ओला वास.

ती तशीच उठली आणि शेजारच्या शेवंताबाईंकडे गेली. अक्का वयाने मोठ्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या आजारपणात पुढे. रत्ना काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"तुना घर पाव्हना शे का व? रोज ओट्यावर बसेल दिसस. पाठ करीसन."

रत्नाने सगळं सांगितलं. जंगल, दगड, हाक. ऐकता ऐकता अक्कांचा चेहरा उतरला. पण त्या ओरडल्या नाहीत.

"बोलावलं तू. त्याची काय चूक? भुकेला माणूस ज्याच्या ताटात जागा मिळेल त्याच्या ताटात जेवणार. त्याला वेगळं वाढ. पोटभर. आग्रह कर. आणि जेवण झालं की विडा दे. विडा हातात पडला की पाहुण्याला उठावंच लागतं."

"आणि नाही उठला तर, अक्का?"

"मग प्रेमराज उठायचा नाही," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रत्नाने प्रेमराजला आतल्या खोलीत निजवलं. उठून बसायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. बाहेर तिने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, ताट वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, वांग्याची भाजी, बट्टी कुस्करून त्यावर वरण, वरण बुडेल इतकं तूप. पाटाकडे न बघता ती म्हणाली,

"या. उशीर झाला, राग धरू नका. जेवाले या."

पाट किंचित करकरला.

ती पदर सावरून समोर बसली. घरी आलेल्याला एकट्याने जेवायला लावायचं नसतं. "घ्या… अजून एक बट्टी घ्या," ती म्हणत राहिली. आवाज आपलाच आहे का, हे तिला कळत नव्हतं. ताटातलं काही हलत नव्हतं. फक्त वाफ विरत गेली. मग तुपाचा वास गेला. मग लसणाचा. ताट होतं तसंच भरलेलं, पण त्याला कसलाच वास उरला नाही. चित्रातल्या ताटासारखं.

तेव्हा तिने विडा ताटाशेजारी ठेवला. "पोटभर झालं ना? आता या."

बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या अंगावरून गार, ओलसर झुळूक दाराकडे गेली, आणि ओट्याच्या पायरीवर कोणीतरी उतरल्यासारखं वाजलं. विडा जागेवर नव्हता.

आतून प्रेमराजची हाक आली. "रत्ना, अर्धी भाकर दे गं." अर्धी खाऊन त्याने ताट सारलं. "बस. पोट भरलं."

रत्ना भिंतीला टेकून पोटभर रडली.

प्रेमराज सावरला. गाल भरले, घड्याळ मनगटावर बसू लागलं. अंदमानचं नाव मात्र दोघांपैकी कोणी काढत नसे.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी दोघं नुकतेच जेवून उठले होते. भांडी अजून मोरीतच होती. रत्नाच्या फोनवर त्या गाईडचा मेसेज आला. एक फोटो, आणि खाली एकच ओळ. "आंटी, आप लोग फिर आ रहे हो क्या?"

तिने फोटो मोठा केला. तोच सपाट दगड. त्याच्यासमोर बसायला दोन रुंद पानं अंथरलेली, शेजारी शेजारी. प्रत्येकापुढे पानाची एकेक पत्रावळ. पत्रावळीवर काय वाढलंय ते अंधारात ओळखू येत नव्हतं. काळपट, ओलं काहीतरी. पण मीठ स्पष्ट दिसत होतं. वर, मधोमध. आपल्याकडे वाढतात तसं, आणि तितकंच.

फोटो पुसून टाकायला तिने बोट ठेवलं. मागे प्रेमराज उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो त्या दोन पत्रावळींकडे टक लावून पाहत होता. मग त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि तो मोरीत गेला. नळाचं पाणी वाहू लागलं.

"रत्ना," आतून त्याचा शांत आवाज आला, "चल. तूही हात धुऊन घे. पानं वाढलीत."