कोपराची उंची

"जरा हे टोक धराल का? दोनच मिनिटं."

टेपचं टोक मी त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. रिकाम्या प्लॉटच्या कडेला एक माणूस उभा आहे, त्याला दोन हात आहेत आणि घाई दिसत नाही, एवढं मला पुरेसं होतं. वाऱ्याने टेप सारखी पोट फुगवत होती, आणि मोजायला माझ्यासोबत येणारा सहकारी नेमका त्याच दिवशी दाढदुखीने घरी बसला होता.

दोन मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. तो बिचारा मी सांगेन त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहत होता, सांगेन तसा वाकत होता.

"कुणाचं घर होणारे इथे?" त्याने विचारलं.

"एका दातांच्या डॉक्टरांचं. तीन पानी यादी पाठवलीय महाशयांनी. जिना वाजता कामा नये, पुस्तकांवर ऊन येता कामा नये, बाथरूममध्ये बसून विचार करायला जागा हवी..."

"मग त्यात काय चुकलं?"

"चुकलं काही नाही हो. पण असा माणूस घरात चोवीस तास असला तर बायको कुठे राहणार? तिच्यासाठी वेगळं घर बांधावं लागेल."

तो हसला. दात चांगले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"बायको नाहीये," टेपचं टोक माझ्या हातात परत देत तो म्हणाला. "आई आणि मी, दोघंच. यादीच्या पहिल्या ओळीत लिहिलंय... वाचली नसेल तुम्ही."

जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं म्हणतात ना, तसंच मला वाटलं. जमीन काही दुभंगली नाही. मला तिचीच मापं घ्यायची होती, त्यामुळे मान खाली घालून मी मापं घेत राहिले.

त्याने आमच्या आर्किटेक्ट साहेबांकडे तक्रार केली नाही. उलट पुढच्या आठवड्यात ऑफिसात आला आणि म्हणाला, "घर यांनीच काढावं. मला काय हवंय ते यांना पाठ आहे."

आमच्या साहेबांना पाठीमागे सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन टांगतात, तो ओळंबा. साहेबही तसेच, कुठेच कलत नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा फॉर्म पुढे सरकवला. स्वतः सगळं काढायचं असं हे माझं पहिलंच घर होतं.

साहेबांचा फॉर्म म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसाची उलटतपासणी. सकाळी आधी कोण उठतं, कुठल्या कुशीवर झोपतं, वाचताना पाय कुठे ठेवतं. परक्या पुरुषाला हे विचारताना मी कागदातून डोकं वर काढत नव्हते.

"डाव्या कुशीवर," तो म्हणाला. "आणि तुम्ही?"

"माझं काय? घर तुमचं आहे."

"उदाहरण म्हणून विचारतोय. एकट्याने उत्तरं देताना पेशंट झाल्यासारखं वाटतं."

मग मीही उदाहरणं देऊ लागले. मला खिडकीच्या कट्ट्यावर पाय घेऊन बसायला आवडतं. मला उंचावरचं कपाट नको, कारण माझी उंची पाच फुटांना दोन इंच कमी. मी डावखुरी, त्यामुळे लिहिताना उजेड उजवीकडून लागतो, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. असं करत करत एक तासाची भेट तीन तासांची झाली आणि ऑफिसातला चहा चारदा आला.

"हे काय? कोपराची उंची?" फॉर्मवर बोट ठेवून त्याने विचारलं.

"ओट्याशी जो उभा राहणार, त्याचं फरशीपासून कोपरापर्यंतचं माप. त्याच्या खाली पाच इंचांवर ओटा. उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर कंबर जाते. तुमच्याकडे कोण स्वयंपाक करतं?"

"आई. पण ती मावशीकडे आहे, मावशीचं ऑपरेशन झालंय. दोन महिने तरी येणार नाही." त्याने माझी टेप उचलली. "नक्की कुठून मोजायचं ते दाखवा, म्हणजे आल्यावर मी घेईन माप."

मी उभी राहिले, हात कोपरात दुमडला. तो गुडघ्यावर बसला, टेपचं टोक माझ्या चपलेशी टेकवलं आणि हळूहळू वर आला. कोपराला त्याचं बोट लागलं न लागलं...

"छत्तीस," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा जरा खाली होता.

"छत्तीस," मीही म्हटलं, आणि उगाचच लिहून घेतलं.

आता लिहायला लाज वाटते ते हे, की तो आकडा मी फॉर्ममधल्या त्याच रकान्यात लिहिला. शेजारी पेन्सिलने 'तात्पुरता' असंही लिहिलं. दोन महिन्यांत मी घराचे चार नकाशे काढले. तो चारही वेळा आला, चारही वेळा काहीतरी निमित्त काढून शेवटपर्यंत बसला, आणि 'तात्पुरता' हा शब्द मी रोज बघत होते. एक फोन करून त्याच्या आईला कोपर मोजायला सांगायला कितीसा वेळ लागतो? चुकून राहिलं, असं मी कुणालाही सांगू शकले असते. पण खरं सांगायचं तर राहिलं नव्हतं, मी राहू दिलं होतं. रात्री डोळे मिटले की त्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई मला दिसायची, आणि ती बाई उंच नसायची.

चौथ्या नकाशावर त्याने सही केली.

आखणीच्या दिवशी त्याची आई आली. पाया खोदायच्या आधी अख्खा नकाशा जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखायचा आणि घरच्यांना त्यातून फिरवायचं, ही साहेबांची पद्धत. भिंती नसतात, नुसत्या रेघा. तरी माणसं दार सोडून रेघेवरून जात नाहीत. ओट्याच्या जागी आम्ही विटा रचून, वर फळी टाकून ओटासुद्धा उभा करतो, खऱ्या उंचीचा.

गाडीतून ती उतरली आणि उतरतच राहिली. मुलाच्या कानाला लागेल एवढी उंच! निवृत्त नर्स, पाठ ताठ, चाल झपाझप. फक्कीची पिशवी हातात धरून मी साहेबांच्या शेजारीच थिजले.

"स्वयंपाकघर कुठे?" तिने विचारलं आणि दाराच्या जागेतून आत येऊन थेट फळीपाशी उभी राहिली. दोन्ही हात फळीवर टेकवले. टेकवायला तिला कमरेत चांगलंच वाकावं लागलं.

एक गवंडी खोकला.

"हा ओटा कुणासाठी आहे?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठी, काकू," मी म्हटलं.

"मी चाळीस वर्षं वाकून पेशंट उचललेत. पाठीचे दोन मणके सरकलेत. यावर मी आठ दिवस पोळ्या लाटल्या तर नवव्या दिवशी मलाच उचलावं लागेल." ती चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. मग ती खोल्याखोल्यांतून फिरली. प्रत्येक रेघेपाशी थांबून माझ्या हातातला नकाशा मागून घ्यायची, पुन्हा द्यायची. "कपाटं एवढी खाली? खिडकीत हा कट्टा? आणि हे याचं लिहायचं टेबल ना? मग खिडकी उजवीकडे का? हा उजव्या हाताने लिहितो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो..."

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्या डाव्या हातात होती. मग तिने मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं, म्हणजे फार वेळ लागला नाही, आणि तिला सगळं कळलं. साहेबांनाही कळलं. गवंड्यांनाही कळलं असावं, कारण ते एकदम कामाला लागले.

तो दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता. त्याचे कान लाल झाले होते, पण तो एक शब्द बोलला नाही.

"कोपराचं माप कुणाचं घेतलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं.

मी दुसऱ्याच्या घरात, त्याच्या आईला बाहेर ठेवून, स्वतः जाऊन राहिले होते. आणि ते सगळं मोजमापासकट, पांढऱ्या रेघांनी, भर दुपारी सगळ्यांसमोर जमिनीवर आखून ठेवलं होतं. मान वर करायची सोय नव्हती. ऑफिसपाशी साहेब गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, "नवा नकाशा तूच काढायचा. पळ काढायचा नाही."

चार दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. चार दिवस बसून नकाशा काढला. कट्टा काढून टाकला, कपाटं वर नेली, टेबलाची खिडकी डावीकडे घेतली. माझं असं जे जे होतं ते शोधून शोधून खोडलं. शोधायला लागले तेव्हा कळलं, किती होतं ते.

रविवारी सकाळी त्यांच्या भाड्याच्या घराची बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं.

"तो दाढी करतोय. बोलावू?"

"नको. मी तुमच्याकडे आलेय." मी टेप काढली. "आधी कोपर मोजू द्या. मग बोलते."

त्यांनी निमूट हात दुमडला. बेचाळीस भरलं. मी ते लिहिलं, आणि मग खाली बघतच सगळं बोलून टाकलं. थांबले असते तर जमलं नसतं.

"काकू, माप घ्यायचं राहिलं नव्हतं. मी घेतलंच नाही. त्या घरात मला मीच दिसत होते. तुमचा मुलगा मला आवडतो... त्यात तुमची पाठ, तुमची उंची, तुम्ही, कशाचाच मी विचार केला नाही. हे माझं पहिलं घर होतं आणि मी ते असं केलं. मला फार लाज वाटते. माफ करा म्हणायचीही लाज वाटते."

"हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला आधी का?"

"चूक तुमच्या बाबतीत झाली म्हणून."

काकू काही बोलणार, तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं. तो बाहेर आला, अर्ध्या गालाला फेस, खांद्यावर टॉवेल. भाड्याच्या घरातल्या भिंती किती पातळ असतात ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असायला हवं होतं? मी दाराकडे वळले.

"थांबा," तो म्हणाला. "मला दुसऱ्या नकाशातच कळलं होतं."

"काय?"

"टेबलाची खिडकी. मी घरी येऊन बसून पाहिलं... सावली सरळ अक्षरांवर. मग बाकीचं दिसत गेलं. ओटाही. छत्तीस मीच तर मोजले होते."

माझ्या लाजेचा एकदम रागच झाला. "आणि तुम्ही सही केलीत? सगळ्यांसमोर माझी शोभा झाली तेव्हा गप्प उभे राहिलात?"

"हो." फेस गळ्यावर ओघळत होता, त्याला भान नव्हतं. "तिथे बोलायला हवं होतं, माझी जीभच उचलली नाही. त्याची मला चार दिवस शरम वाटतेय. आणि आधी बोललो असतो... तर तुम्ही खोडलं असतं."

खोडलेला नकाशा माझ्या काखेत होता.

"छान," काकू म्हणाल्या. "म्हणजे दोघं मिळून माझी कंबर मोडायला निघाला होतात." तो खाली बघू लागला, मीही. टेबलावरच्या कपबशा बाजूला सारत त्या म्हणाल्या, "दाखव नवा."

मी नकाशा पसरला. त्या डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघत होत्या. ओटा बोटाने मोजला, कपाटं पाहिली, जिना पाहिला. त्याने हळूच टॉवेलने तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच राहिली.

"हे बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "ओटा मला हवा तसा झाला. त्यात आता इंचाचाही बदल नको, कुणासाठीच नको. कळलं?"

"हो, काकू."

"पण घरात माणसं किती धरलीस?"

"दोन."

"मग पुन्हा चुकलीस," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्याने तोंड उघडलं, मिटलं. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड उघडता येत नव्हतं. "मी... म्हणजे तुमची हरकत नसेल तर... तुम्हीही..." तो पुढे काय म्हणणार होता, देव जाणे.

"तीन," मी म्हटलं.

आतून भांड्याचा आवाज थांबला. माझे कान तापले होते, गाल तापले होते, लाज तर वाटतच होती. पण या वेळी मी मान खाली घातली नाही.