धाग्याचं दुसरं टोक

शस्त्रक्रिया तशी नेहमीचीच होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मूत्रपिंडातली गाठ काढायची.

"गाठ काढायची आणि गाठच मारून यायचं," सर्जनबाई हसत सिस्टरना म्हणाल्या आणि कोपऱ्यात शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या कन्सोलपाशी बसल्या. रोगी पलीकडे टेबलावर, निळ्या कापडाखाली.

कन्सोलच्या खाचेत चेहरा टेकवला की बाहेरचं जग मिटून जाई. उरे तो लाल, ओला प्रकाश, आणि त्यात त्यांच्या बोटांबरहुकूम वळणारे पोलादी चिमटे. धागा किती ताणला हे हाताला कधीच कळत नसे. या यंत्राला स्पर्श नव्हता. ताण डोळ्यांनीच ओळखायचा. बाईंचे डोळे त्यात मुरलेले.

गाठ निघाली. रक्त झिरपू लागलं, तशा बाई भराभर टाके घालत गेल्या. शेवटच्या टाक्याला धाग्याचा वेढा घेतला, मोकळं टोक धरायला चिमटा पुढे नेला... आणि त्यांच्या बोटांना ओढ जाणवली.

बाईंनी चिमटा तिथेच थांबवला. हलकेच ओढून पाहिलं. पलीकडूनही हलकेच ओढलं गेलं.

"डॉक्टर... धागा तुम्ही धरलाय का?"

"नाही, मॅडम," टेबलापाशी उभा असलेला सहायक म्हणाला. "माझं हत्यार बाहेर आहे."

"प्रेशर उतरतंय," भूलतज्ज्ञ पुटपुटला.

आता धागा कापला तर रक्त आवरणार नव्हतं. बाईंनी हात सैल सोडले. समोर ते मोकळं टोक आपणहून उचललं गेलं, वेढ्यातून पार झालं, आणि गाठ सावकाश, सफाईने खाली सरकून बसली. रक्त थांबलं.

"वा! काय बसली गाठ!" सहायक म्हणाला. बाईंचे हात अजून सैलच होते.

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. म्हाताऱ्याच्या मुलीने त्यांचे हात धरले. "तुमचा हातगुण, डॉक्टर!"

ती पाणी आणायला गेली, तसं म्हाताऱ्याने बाईंना खुणेने जवळ बोलावलं.

"बाई... आत कुणीतरी धागा धरून बसलंय. माणूस भला वाटतो. पण दमलाय हो..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मघापासून विचारतोय... सोडू का?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग त्या खाली वाकल्या, म्हाताऱ्याच्या कानाशी नाही, पोटाशी.

"नाही..." त्या कुजबुजल्या. "धरून ठेवा."

बँडेजखाली काहीतरी किंचित आवळलं गेलं, आणि म्हातारा कळवळला.